छपरावरची घिरटी

डॉक्टरांनी बाबांचं विमान उडवणं बंद केलं, म्हणून मी त्यांना घरीच कॉम्प्युटरवर विमान जोडून दिलं. दुकानातली जॉयस्टिक बघून ते खेकसले होते, "हिनं चहा ढवळ!" मग स्टिअरिंग आणलं, पायांखाली पेडल बसवले. जवळच्या लाँगरीच विमानतळावरून उडून ते आमच्या कुरणांवर पोचले. पडद्यावर आमचंच छप्पर होतं. उपग्रहाचा फोटो जुना, त्यामुळे गेल्या वर्षी वारलेल्या आईची पांढरी गाडीसुद्धा शेडपाशी उभी होती. बाबांनी छपरावरून घिरटी घातली. आयुष्यभर असंच चालायचं: विमानाचा आवाज ऐकला की आई गाडी काढायची, कुरणातल्या धावपट्टीवरचे कांगारू हुसकायची, मगच ते उतरायचे. दुसरी घिरटी झाली, तिसरी झाली. "बाबा, उतरा, इंधन संपतंय." "पट्टीवर कांगारू असतील." "यात कांगारू नसतात हो." "तुला कुणी विचारलंय? तिला गाडी काढू दे." इंजिन बंद पडलं. बाबा शेडकडेच बघत होते.