तहान लागलीय का?

आमच्या चिरंजीवांना एकदा खूळ लागलं की सुटत नाही. आईकडे राहायचं की बाबांकडे, हे कोर्टात पोरीलाच विचारणार असं कळलं, आणि त्याने तिच्याकडून एकच वाक्य घोकून घ्यायला सुरुवात केली. बूट चढवताना, वेणी घालताना, तोंडात घास असतानासुद्धा. नात मलाही हवीच होती, खोटं कशाला बोलू?

आज न्यायाधीश बाईंनी तिला एकटीलाच आपल्या खोलीत बोलावलं. बाई मायाळू. दार लोटता लोटता त्यांनी विचारलं, "तहान लागलीय का गं बाळा?"

पोर ताठ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "मला बाबांकडेच राहायचंय."

"बघ आई, कशी खणखणीत बोलली!" बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसलेले चिरंजीव खूश.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. आधी बापाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीतली बाटली काढून घटाघटा संपवली.


मी उठले. "मेल्या, साधी तहान लागली तरी पोरीला सांगता येऊ नये, अशी गत केलीस तिची. ती आईकडे जाईल. आत जाऊन तू सांगतोस, की मी सांगू?"