कोपरानं उघडणारी कडी

“‘माणसं कोंडायचं यंत्र तुम्ही विकता आणि वर त्याला सुरक्षा म्हणता.’ हे तू लिहिलंस?” साहेबांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

“लिहिलंय.”

“तुम्ही म्हणजे कोण?”

“नाव नाही घातलेलं. ज्याला झोंबेल तो.”

मीटिंगच्या काचेच्या खोलीत तिघंच होते. एचआरच्या मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. काचेपलीकडे सगळे मान खाली घालून कामाचं सोंग करत होते.

ऑफिसात त्याला खटपट्या म्हणत. दारांची कार्डवर चालणारी कुलपं बनवणाऱ्या या कंपनीत तो प्रोग्रॅम लिहायचा. सुट्टीच्या दिवशी घरी रंधा मारायचा, मेलेले कॉम्प्युटर खोलून जिवंत करायचा आणि ते सगळं ब्लॉगवर मांडायचा. अकरा वर्षं झाली. या खेपेला त्यानं एका कडीबद्दल लिहिलं होतं. आईची बोटं वळत नाहीत. एकदा ती न्हाणीघरात अडकली आणि तासभर दार बडवत राहिली. म्हणून त्यानं मोडक्या खुर्चीच्या पायातून लाकडी कडी केली. आतून कोपर मारलं की उघडते. मापं दिली, फोटो टाकले, आणि शेवटी लिहिलं की आतल्या माणसाला बाहेर पडायला कुणाची परवानगी लागता कामा नये. तिथं थांबायला हवं होतं. हात थांबला नाही. पुढचं वाक्य साहेबांनी आत्ता वाचलं तेच.

“काढून टाक ते.”

“मी चार मेल केल्या, साहेब. एखादं कार्ड बंद केलं की ते ज्या खोलीत असेल तिचं दार आतूनही कुणाला उघडत नाही, हे चूक आहे. तुम्ही म्हणालात, चोर आतच सापडला पाहिजे.”

“मग? गिऱ्हाइकाला तेच हवंय. तू आपली सुतारकी कर, मला अक्कल शिकवू नकोस. काढतोस की नाही?”

“नाही.”

साहेबांनी मोबाइल काढला आणि दोनदा अंगठा दाबला. दारात खट्ट आवाज झाला.

“झालं. तुझं कार्ड बंद, खातं बंद. ऊठ, सामान आवर.”

साहेब स्वतःच दाराशी गेले. कार्ड लावलं. लाल दिवा. कार्ड पँटला पुसून पुन्हा लावलं. लाल.

“काय झालंय याला?”

“खोलीत बंद केलेलं कार्ड आहे, साहेब. आता इथं कुणाचंच चालणार नाही. त्या नियमावर तुमचीच सही आहे.”

“मग चालू करतो तुझं, त्यात काय.” साहेबांनी मोबाइलवर बोट फिरवलं आणि थबकले.

“बंद कार्ड चालू करायला प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी मंजुरी मागत असेल,” खटपट्या म्हणाला. “माझं खातं तुम्ही आत्ताच उडवलंत.”

साहेबांनी सुरक्षारक्षकाला फोन लावला. किल्ली दुसऱ्या इमारतीत होती. अर्धा तास तरी लागेल, म्हणाला.

“मला बंद खोलीत जमत नाही,” मॅडम म्हणाल्या. हे त्या कुणालाच उद्देशून म्हणाल्या नाहीत. त्या दारापाशी गेल्या. आधी हातानं ढकललं, मग खांद्यानं. मग कोपरानं. दार हललं नाही. बाहेरच्या माना आता वर झाल्या होत्या.

खटपट्यानं लॅपटॉप ओढून घेतला आणि कडीच्या फोटोखाली आलेलं पत्र मोठ्यानं वाचलं.

“‘मी वृद्धाश्रमात स्वयंपाक करते. तुम्ही लिहिलीत तशीच, कार्डाशिवाय आतूनही न उघडणारी कुलपं सोमवारी आमच्याकडे बसणार आहेत. एकोणचाळीस म्हातारी माणसं आहेत. निम्म्यांना स्वतःचं नाव आठवत नाही, कार्ड कुठून आठवणार? आग लागली तर त्यांनी बाहेर कसं यायचं, तेवढं कळवा.’”

त्यानं उत्तराचा रिकामा चौकोन उघडला आणि लॅपटॉप साहेबांपुढे सरकवला.

“बाई तीन दिवस वाट बघतेय. सांगा साहेब, काय लिहू?”