डोळे झाकून

वेबसाइट बनवणं तिचं रोजचं काम, पण या नव्या साइटने आठवडाभर तिचा जीव खाल्ला. कॉम्प्युटरवर पान छान दिसायचं, मोबाइलवर उघडलं की पार विस्कटायचं. ती रडकुंडीला आली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी आपली खुर्ची तिच्याकडे ओढली.

“अगं, मीही अशीच वैतागायचे. सरक जरा.”

आपलं काम बाजूला ठेवून ताईंनी तिला सगळ्या खाचाखोचा शिकवल्या. रविवारी तिने लॅपटॉपला हातही लावला नाही. पाय पसरून मनसोक्त लोळली.

सोमवारी साहेबांनी विचारलं, “आता सगळं एकटीला जमेल?”

“हो सर, डोळे झाकून!”

 

“छान. मग ताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगतो.”