स्वल्प थांब

"भव्या, स्वल्प थांब गं," असं बंगळुरूच्या त्या हॉस्पिटलातल्या इन्चार्ज सिस्टर दररोज कानडी वळणानं म्हणायच्या आणि त्या जराशा स्वल्पाची संध्याकाळ व्हायची. या महिन्यापासून भव्या कुणाशी न भांडता, दोनच्या ठोक्याला पर्स उचलून बसवनगुडीची बस धरू लागली.

"तुझी ड्यूटी दोनला सुटते नव्हं?" खाटेवरच्या तानूबाईंनी गुंगीतच विचारलं. "सरी, बरंय. मग मीबी उद्या दोनच्या आतच निघते."

भव्याला वाटलं, आजी डिस्चार्जचं बोलताहेत.

दुसऱ्या दुपारी खिडकीचा पडदा शिडासारखा फुगला होता आणि भव्याच्या हातातला तानूबाईंचा हात झोपेत होतो तसा सैल होत गेला. दोन वाजायला दहा मिनिटं होती.

त्या दिवशी मोकळ्या खाटेपाशी भव्या संध्याकाळपर्यंत बसून राहिली. स्वल्प थांब, असं तिला कुणी म्हटलंच नव्हतं.