मागच्या पानावरची माणसं

निपाणीच्या आमच्या वाचनालयात एका दिवाळी अंकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लोक पेन्सिलीनं विनोद लिहायचे. नाव कुणाचंच नाही; एकानं लिहायचं, दुसऱ्यानं खाली भर घालायची. मला ते लई आवडायचं. एकदा विषय निघाला तंबाखूच्या वखारीतल्या बायकांचा. कुणीतरी लिहिलं, "त्या आल्या की गल्ली शिंकते." मी खाली ठोकून दिलं, "त्यांच्या घरची झुरळंसुद्धा शिंकून मेली!" माझ्या विनोदाला सात 'वा!' मिळाले. आठवडाभर मी नुसती तरंगत होते.

शनिवारी आई वखारीतून सुटून माझ्याबरोबर वाचनालयापर्यंत आली, पण पायरीवरच थांबली. "तूच जा गं आत. माझ्या लुगड्याला तंबाखूचा वास मारतोय, लोकं नाक धरत्यात."

मला माझीच किळस आली. आत जाऊन मी त्या पानावर ठळक लिहिलं, "झुरळांचा विनोद माझा. माझी आई वखारीत तंबाखू चाळते. आता हे बंद करा. मालन, नववी ब."

सोमवारी पान उघडलं. खाली नवं अक्षर होतं.

"व्हय? मग तुला लई म्हाईत असंल. आणखी एक सांग की, मालन!"