पाय काढ!

"मधे जागा सोडू नका. खांद्याला खांदा लावा. फट राहिली की तिथे सैतान उभा राहतो," मशिदीचे इमाम, हुजूर, माईकवरून पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा कुणी हललं नाही.

स्टेडियमभर माणसं. लुंग्या, टोप्या, पश्चिमेकडे तोंड केलेल्या रांगा. पुढे खाटेवर मोतालेब मृधा, पांढऱ्या कफनात, आयुष्यात पहिल्यांदा गप्प. फक्त मैदानाच्या मधोमध, क्रिकेटच्या पिचपाशी, रांगा तुटल्या होत्या. पिचच्या या टोकाला माणसं, त्या टोकाला माणसं, मधली पट्टी ओस.

हेलालने दात आवळले. बापाच्या जनाज्यालासुद्धा हे पिच आडवं आलंच.

मोतालेब या स्टेडियमचा माळी. गवत कापायचं, पिच लाटायचं आणि उरलेल्या वेळात लोकांवर ओरडायचं, हा त्याचा जन्म. फुटबॉलचे सामने तेवढे तो दात-ओठ खात सोसायचा. एरवी पिचवर कुणाचं पाऊल पडलं की गॅलरीच्या टोकाहून आवाज यायचा, "एऽ, पाय काढ!" मग तो विजयदिनाच्या संचलनातला पोलीस असो, नाहीतर जिल्हा क्रीडा संघाचे सचिव एनायेत साहेब असोत. मेळ्याचे बांबू ठोकायला मजूर आले तेव्हा तो पिचवर उताणा पडला. म्हणाला, ठोका, पण आधी माझ्या छातीत.

लहानपणी पतंगामागे धावताना हेलालही एकदा पिचवर गेला होता. बापाने भरल्या गॅलरीसमोर कानाखाली ओढली. "पाय काढ" ऐकत मोठा झालेल्या पोराने शेवटी घरातूनच पाय काढला. ढाक्याला शिवणकारखान्यात लागला. ईदला यायचा, पण स्टेडियमच्या वाटेला जायचा नाही.

आज इलाज नव्हता. भरतीने नदी गल्लीत घुसली होती, मशिदीचं अंगण गुडघाभर पाण्यात होतं. उंच जागा म्हणजे स्टेडियम. त्यासाठी एनायेत साहेबांपुढे हात जोडावे लागले. साहेब म्हणाले, ठीक आहे, पण लवकर उरका, संध्याकाळी मंत्र्यांच्या सभेचे मांडववाले यायचेत. सर्कशीला ही जागा मिळते, मेळ्याला मिळते, हेलिकॉप्टरला मिळते. ज्याने ही जागा मैदान म्हणून जिवंत ठेवली, त्याच्या मढ्याला द्यायची म्हटल्यावर मात्र साहेबांना नियम आठवले होते.

पण हेलालला खरी धास्ती वेगळीच होती. जनाज्याच्या नमाजाआधी इमाम लोकांना विचारतात, माणूस कसा होता? लोक म्हणतात, चांगला होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांची ही साक्ष वर पोहोचते. गावाला लुबाडणाऱ्यांनाही ती मिळताना हेलालने पाहिली होती. पण इथे जमलेल्या प्रत्येकाने त्याच्या बापाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. हुजूरांनी विचारलं आणि एवढ्या मोठ्या गर्दीतून कुणी तोंडच उघडलं नाही तर? खाली मान घालून ढाक्याची संध्याकाळची लाँच धरायची आणि परत या गावात यायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

त्याने माईक घेतला. रीतीप्रमाणे म्हणाला, माझ्या अब्बांच्या तोंडून कुणाला वेडंवाकडं गेलं असेल तर माफ करा.

"कुणाला गेलं नाही ते विचार," मागून कुणीतरी म्हणालं. रांगांमधून हसू फिरलं. हेलालचे कान तापले.

एनायेत साहेब पहिल्या रांगेतून वळले. काय तमाशा चाललाय, म्हणाले, सरका आत, नमाज आहे ही, क्रिकेटची मॅच नाही. पिचच्या टोकाला मन्नान उभा होता. आता बाजारात हिलशा मासे विकणारा, एकेकाळचा जिल्ह्याचा वेगवान गोलंदाज. त्याने साहेबांकडे नुसतं पाहिलं आणि पायाचे अंगठे गवतात रोवले.

हुजूर हेलालला म्हणाले, तुम्ही मुलगा आहात, तुम्ही आत उभे राहा, म्हणजे मागून लोक येतील.

हेलाल पिचपाशी गेला. चपला काढल्या. पाऊल उचललं.

"एऽ, पाय काढ!"

आवाज मन्नानचा होता. पण तो एकटा राहिला नाही. मासेवाले, रिक्षावाले, शाळेचे मास्तर, कोर्टातले कारकून, सगळं स्टेडियम एका तोंडाने ओरडलं. तोच सूर, 'ए'वरचा तोच हेल. गॅलरीचे पत्रे थरथरले. एनायेत साहेबांनीही चमकून आपल्या पायाखाली पाहिलं.

हेलालचा पाय हवेतच राहिला. मन्नान हसत होता आणि त्याची दाढी भिजली होती.

"वादळाच्या साली इथे खारं पाणी भरलं होतं," तो म्हणाला. "गवताची काडी उरली नव्हती. तुझ्या बापाने तळ्याचं गोडं पाणी कळशीने आणून ही माती धुतली. आम्ही खेळलो ते त्या पाण्यावर, लेका. तिथे कोण पाय ठेवेल?"

हुजूरांनी माईक हातात घेतला. हेलालने डोळे मिटले.

"माणूस कसा होता, हे आता मी विचारत नाही," हुजूर म्हणाले. "सांगून झालंय तुमचं. ती जागा राहू द्या तशीच."

हेलालने पाय मागे घेतला. मन्नानने सरकून जागा केली. हेलाल खांद्याला खांदा लावून उभा राहिला तसा मन्नान हळूच म्हणाला, "संध्याकाळी मांडववाले येतील बांबू घेऊन. तुझी लाँच कितीची?"

"कसली लाँच?" हेलाल म्हणाला, आणि त्याने नमाजासाठी हात कानांपर्यंत उचलले.