शेजारच्या सीटची मॅट

बायकोने स्वतःच्या पगारातून ऑटोमॅटिक गाडी घेतली तेव्हापासून त्याच्या तोंडाचा पट्टा थांबतच नव्हता. "ना क्लच, ना गिअर! ही गाडी की साबणदाणी? गाड्या घडवणारे मेले, नुसते विकणारे उरलेत." स्वतःची जुनी गाडी त्याला जीव की प्राण, तिचं स्टिअरिंग त्याने बायकोच्या हाती कधी दिलं नाही; ती कायम शेजारच्या सीटवर. खोट एकच: शेजारच्या सीटपुढची मॅट सारखी उजव्या पावलाखाली फाटायची. त्याचं खापरही तो कंपनीवर फोडायचा. "रबरातही चोरी करतात लेकाचे!" आज ती गाडी गॅरेजात अडकल्याने तो नाक मुरडत बायकोशेजारी बसला. चौकात आडवा ट्रक आला. उजवा पाय मॅटवर करकचून दाबत तो ओरडला, "ब्रेक दाब!" गाडी केव्हाच थांबली होती. "पाय काढा," ती म्हणाली. "तिथे ब्रेक नसतो. तुमच्या गाडीची मॅट काय कंपनी फाडत होती?"